मुंबईच्या पावसात सह्याद्रीचा हात किती?

चाळीतला_चातक · रविवार, सकाळी ११.०५

काल रात्रीपासून भांडुपला नुसता ओततोय. सकाळी कुलाब्याच्या मेहुण्याला फोन केला, तर म्हणतो, "इकडे कोरडं आहे रे, हिने गाद्या उन्हात टाकल्यात." एकच शहर, मध्ये जेमतेम तीसेक किलोमीटर!

पण माझा प्रश्न वेगळा आहे. पोरगं सातवीत. सह्याद्री ढगांना अडवतो म्हणून कोकणात पाऊस पडतो, असं शाळेत शिकून आलं आणि मला विचारतं, "बाबा, ढग डोंगराच्या कितीतरी वर असतात. मग ते अडतात कशाला? वरून जायचं की." मी बराच वेळ चहा ढवळत बसलो. साखर मुळात टाकलीच नव्हती.

दुसरं म्हणजे मला मोबाइलवर उपग्रहाचा पावसाचा नकाशा बघायचं व्यसन लागलंय. परवा त्यात भातसा-वैतरणेच्या बाजूला फिकट निळा रंग होता, म्हणजे किरकोळ सरी. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, तलावक्षेत्रात दमदार हजेरी. मग उपग्रहाला डोंगरातला पाऊस दिसत नाही की काय? आणि मुंबईत पडतो त्या पावसात सह्याद्रीचा खरंच काही हात आहे, की समुद्राची कमाई आपण डोंगराच्या नावावर मांडतोय?

जाणकारांनी सांगावं. अर्धवट जाणकारांनी तर आवर्जून सांगावं, त्यांच्याशिवाय धागा पळत नाही.

छत्री_विसरलो · रविवार, ११.२०

रुमाल टाकून ठेवतो. तसाही ओलाच आहे.

वाट_चुकलेला · रविवार, दुपारी १२.४०

पोराला एकदा जुलैत नाणेघाटात घेऊन जा. तिथे मी काय बघितलं ते सांगतो.

देशाच्या बाजूने घाटाच्या तोंडाशी उभं राहायचं. समोर खाली कोकण असतं, पण धुक्यात काही दिसत नाही. वारा खालून येतो. समोरून नाही, *खालून*. कड्यावरून पडणारं पाणी चार हात खाली जातं, तिथे डळमळतं आणि परत वर उडून तोंडावर येतं. लोक उलटा धबधबा म्हणतात तो हाच. रेनकोटची टोपी घट्ट बांधून काही उपयोग नाही, हनुवटीखालून पाणी आत शिरतं. आमच्यातल्या एकाने बिस्किटाचा रिकामा पुडा कड्याबाहेर धरून सोडला (कचरा केला म्हणून त्याला नंतर शिव्या बसल्या), तर तो आमच्या डोक्यावरून जुन्नरच्या दिशेने गेला.

तिथे मला कळलं की ढग अडत-बिडत नाही. वारा डोंगर चढतो, ढग त्या चढणीवरच तयार होतो.

ढगोबा · रविवार, १.३५

वाट_चुकलेला यांनी निम्मं काम केलंच आहे. एम.टेक.ला असताना याच विषयात दोन वर्षं घासली आहेत, तेव्हा थोडं लांबेल.

चातकराव, पोरगं बरोबर बोलतंय. 'अडवतो' या शब्दाने सगळा घोळ केलाय. जुलैत अरबी समुद्रावरून येणारा वारा जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरपर्यंतच्या थरात सर्वांत जोरकस असतो, आणि बाष्पही मुख्यतः त्याच थरात. सह्याद्री सरासरी हजार-बाराशे मीटर. म्हणजे डोंगर बरोबर त्या भरलेल्या थराच्या वाटेत उभा आहे. हवेला वर चढावं लागतं. कोरडी हवा किलोमीटरभर चढली तर जवळपास १० अंशांनी थंड होते. कोकणातली पावसाळी हवा आधीच इतकी ओली की दोन-चारशे मीटर चढली तरी बाष्पाचे थेंब होऊ लागतात. पुढची चढण म्हणजे पिळणं. माथा ओलांडला की हवा खाली उतरते, तापते, उरलेले थेंब विरायला लागतात. पुण्यात दिवसभर आभाळ भरलेलं आणि रस्ता जेमतेम ओला, ते यामुळे.

नुसती उंचीच सगळं ठरवत नाही, हे बघायचं तर महाबळेश्वर आणि पाचगणी. दोन्ही एकाच डोंगररांगेवर, उंचीत फारसा फरक नाही, अंतर वीस किलोमीटरच्या आत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. खाली वाईत आणखी कमी. वारा आधी कुणाला भेटतो त्यावर सगळं.

हे आज कळलेलं नाही. १९६६ साली आर. पी. सरकार यांनी मुंबई ते पुणे असा उभा छेद घेऊन डोंगरामुळे पडणाऱ्या पावसाचं गणित मांडलं होतं. तेव्हा ना उपग्रहाची मदत, ना आजचे संगणक.

तर्कट · रविवार, २.१०

छान. आता माझा बोळा घाला नळीत.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी. कुलाब्याला त्याच काळात ७३. सह्याद्री दोघांपासून सारखाच लांब आहे. डोंगरच पाऊस पाडत असेल तर कुलाब्याने काय घोडं मारलं होतं?

कांजूर_कारशेड · रविवार, २.२५

त्या दिवशी मी घाटकोपर ते कांजूर रुळांवरून चालत आलो. पुढच्या माणसाच्या पाठीवरच्या सॅकला हात लावून. तो कोण होता ते अजून माहीत नाही. स्टेशनबाहेरच्या चाळीतल्या एका काकूंनी आम्हा सगळ्यांना कोरा चहा दिला होता, दूध कुठून आणणार. असो, अवांतर.

ढगोबा · रविवार, ३.००

तर्कट, त्या दिवसाचा दोष डोंगरावर घालू नका. तो वेगळाच प्रकार होता. उंचच्या उंच गडगडाटी ढग, माथे पंधरा किलोमीटरच्या आसपास, आणि ते उपनगरांवर ठाण मांडून बसलेले. विहार तलावावर तर हजार मिमीच्या वर नोंद आहे. असे ढग स्वतःच्या बळावर चढतात, त्यांना डोंगराच्या पायऱ्या लागत नाहीत.

डोंगराचा पाऊस वेगळ्या स्वभावाचा. बुटके ढग, वीज नाही, गडगडाट नाही, पण थांबायचं नाव नाही. आपली आजी ज्याला झड म्हणायची तो.

तर्कट · रविवार, ३.१२

म्हणजे मोठा पाऊस आला की डोंगर निर्दोष, रोजचा आला की डोंगराचं कौतुक. सोयीचं आहे.

ढगोबा · रविवार, ३.१५

सोयीचं नाही, हिशेब आहे. एका दिवसाचा विक्रम वेगळा आणि चार महिन्यांची बेरीज वेगळी. डोंगर बेरजेत दिसतो.

साताऱ्याची_सून · रविवार, सायंकाळी ५.३०

आमच्या सासरी याच्या उलट भांडण होतं. २००३-०४ च्या दुष्काळात सातारा-सांगलीकडे सगळीकडे एकच चर्चा, पठारावरच्या पवनचक्क्या ढग पळवून लावतात. माझे चुलत सासरे तर पंख्याकडे बोट दाखवून सांगायचे, "ते बघ, तिकडं ढकलतंय." मी नवी सून, काय बोलणार? पण मनात यायचं, हे पंखे वाऱ्यावर फिरतात की वारा ह्यांच्यावर?

माण-खटावला पाऊस नाही तो पवनचक्क्यांच्या आधी शेकडो वर्षांपासूनच नाही. माहेर महाडचं असल्यामुळे मला तो फरक फार टोचला. महाडला आषाढात कपडे वाळायचे नाहीत म्हणून चुलीवर दोरी, आणि इकडे आषाढात आभाळाकडे डोळे. मध्ये डोंगर एकच.

छत्री_विसरलो · रविवार, ५.४१

ढकलतंय तर मुंबईकडे तोंड करून लावू नका म्हणावं.

निवृत्त_अभियंता · रविवार, रात्री ८.०५

या सगळ्यात एक गोष्ट कुणी बोललं नाही. मुंबईने डोंगरावरच्या या पावसाचा उपयोग शंभर वर्षांपूर्वीच करून घेतला आहे.

घाटमाथ्यावर पडलेलं पाणी एरवी पूर्वेला वाहून बंगालच्या उपसागरात गेलं असतं. टाटांनी ते लोणावळा, वळवण, शिरवटा इथे तलावांत अडवलं आणि मोठाल्या नळांतून पश्चिमेला, सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडलं. १९१५ साली वीज सुरू झाली, नंतर भिवपुरी (१९२२), मग भिरा (१९२७). त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. आमचे वडील गिरणीत होते. ते म्हणायचे, "खंडाळ्याला पाऊस पडला की आपला साचा फिरतो."

मुंबई पिते ते पाणीही तसंच. सात तलावांपैकी विहार आणि तुळशी तेवढे आपल्या राष्ट्रीय उद्यानातले. बाकीचे पाच, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा, सह्याद्रीच्या उतारावरून येणाऱ्या पाण्यावर. तेव्हा शहरात पडणाऱ्या पावसात डोंगराचा हात किती याचा वाद घालत बसा, नळाला येतं त्यात तरी वाद नाही.

चाळीतला_चातक · रविवार, ८.३०

काका, दंडवत. वडिलांचं वाक्य डायरीत लिहून ठेवलं.

पण उपग्रहाचं राहिलंच की.

ढगोबा · रविवार, ९.५०

उपग्रहाकडे येतो. आधी हे समजून घ्या की मोबाइलवरच्या नकाशात 'पाऊस' दिसत नाही, पावसाचा अंदाज दिसतो. तो तीन तऱ्हांनी काढतात, आणि तिन्ही तऱ्हा सह्याद्रीपाशी येऊन अडखळतात.

इन्सॅटसारखा उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर एका जागी असतो. तो ढगाच्या माथ्याचं तापमान मोजतो. माथा जितका थंड, तितका ढग उंच, तितका पाऊस जास्त असं गणित. पण घाटावरचे ढग बुटके. माथा फारसा थंड नाही, आणि खाली मात्र धो धो. उपग्रह म्हणतो, काही विशेष नाही. तुमचा फिकट निळा रंग तो हाच.

दुसरी तऱ्हा सूक्ष्मलहरींची (मायक्रोवेव्ह). जमिनीवर असताना ती मुख्यतः ढगातल्या बर्फाच्या कणांवरून पाऊस ओळखते. घाटावरचा बराच पाऊस बर्फ न होता थेंबाला थेंब मिळूनच पडतो. पुन्हा चकवा.

तिसरी म्हणजे उपग्रहावरच बसवलेलं पावसाचं रडार. अमेरिका-जपानच्या ट्रिम या उपग्रहावर ते पहिल्यांदा गेलं, नोव्हेंबर १९९७ मध्ये. २०१५ पर्यंत चाललं. २०१४ पासून त्याचा वारसदार जीपीएम, दोन लहरींचं रडार घेऊन. हे ढगाला उभं चिरून आतला पाऊस बघतं. पण डोंगराळ भागात जमिनीवरून येणारा प्रतिध्वनी इतका मोठा असतो की सर्वांत खालचा किलोमीटरभर थर धड वाचता येत नाही. आणि आपला पाऊस वाढतो नेमका त्याच थरात. शिवाय त्याचा पट्टा जेमतेम अडीचशे किलोमीटर रुंद, रोज तुमच्या डोक्यावरून जाईलच असं नाही.

बोरीबंदर_बाई · रविवार, १०.२०

मग कशाला उडवतात हे उपग्रह? दोन डबे गच्चीवर ठेवले असते तर काम झालं असतं.

नकाशावाली · रविवार, ११.०५

बाई, असं नका बोलू, आमचं पोट आहे त्यावर. :)

ढगोबांनी उपग्रहाच्या खोड्या सांगितल्या, आता पर्जन्यमापकाच्याही ऐका. तो बसवतात जिथे रोज सकाळी साडेआठला माणूस जाऊन वाचू शकेल तिथे. म्हणजे गावात, रस्त्याजवळ, धरणाच्या चौकीपाशी. कड्यावर, रानात, जिथे पाऊस सर्वांत वेडा, तिथे कुणी नाही. त्यात वारा जोराचा असला की आडवे थेंब मापकाच्या तोंडावरून पुढे निघून जातात आणि नोंद कमी येते. आणि समुद्रावर? तिथे डबा कुठे ठेवणार?

उपग्रहाची खरी ताकद एका दिवसाच्या आकड्यात नाही. एकेक दिवसाचं चित्र फाटकं असतं, पण अशी सोळा-सतरा वर्षांची चित्रं एकावर एक ठेवली की डोंगर उमटतो. मी पहिल्यांदा ट्रिम रडारच्या जून ते सप्टेंबरच्या सरासरीला रंग भरले तेव्हा खुर्चीतून उठून उभी राहिले होते. डोंगराचा नकाशा वेगळा टाकलेलाच नव्हता, तरी गुजरातच्या टोकापासून केरळपर्यंत सह्याद्रीची कड पावसाने काढून दिलेली! आणि ती पट्टी माथ्याच्या पूर्वेला नाही, पश्चिमेला, थोडी समुद्रातसुद्धा.

२००६ साली शांग-पिंग श्ये आणि सहकाऱ्यांनी याच रडारच्या नोंदींवरून दाखवलं की अशा पट्ट्या एकट्या सह्याद्रीच्या नाहीत. म्यानमारचा आराकान, व्हिएतनामची अन्नम रांग, फिलिपिन्सचे डोंगर, सगळीकडे वाऱ्याच्या बाजूला तसाच पट्टा. हे डोंगर फार रुंद नाहीत, जगाच्या नकाशात रेघेएवढे, पण मोसमी पावसाची मांडणी ते बदलतात.

चातकराव, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर याच पट्टीत आहे.

तर्कट · रविवार, ११.२०

'थोडी समुद्रातसुद्धा' हे कसं? समुद्रात कुठला डोंगर?

ढगोबा · सोमवार, सकाळी ७.१५

लोकलमधून लिहितोय, चुकभूल द्यावी घ्यावी.

दादरच्या जिन्यावर काय होतं? वर कुणीतरी थबकलं की जिन्याच्या पायथ्याशी नाही, पार प्लॅटफॉर्मच्या मध्यापर्यंत गर्दी साचते. वाऱ्याचं तसंच. पुढे डोंगर आहे म्हणून वारा आधीपासूनच मंदावतो, मागून येणारी हवा त्यावर चढते, आणि पाऊस पायथ्याच्या कितीतरी अलीकडे सुरू होतो. मुंबईपासून घाटाची कड साठ-सत्तर किलोमीटर. म्हणजे आपण प्लॅटफॉर्मवर उभे आहोत.

संगणकात सह्याद्री सपाट करून बघायचे प्रयोगही झाले आहेत. डोंगर काढला की ती ठळक पट्टी पुसट होते. मात्र मुंबईच्या पावसात डोंगराचा वाटा इतके टक्के, असा आकडा कुणी छातीठोक सांगू लागला तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा, समुद्रावरचे भोवरे, जमिनीला लागून वाऱ्याला होणारा अडथळा आणि डोंगर, हे सगळं एकमेकांत इतकं गुंतलंय की वेगळं काढून तोलता येत नाही.

तर्कट · सोमवार, ७.४०

दादरचा जिना पटला. बोळा मागे घेतो.

कोल्हापुरी_ठसका · सोमवार, दुपारी १.००

सगळं मुंबई-पुणे, मुंबई-पुणे. जरा खाली या की. आमचं गगनबावडा बघा, तिकडं आंबोली तर सात हजार मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरचं नाव मोठं, एवढंच.

आणि एक विचारतो. कर्नाटकात आगुंबे वगैरे भागात आपल्यापेक्षाही जास्त पाऊस म्हणतात. आगुंब्यापेक्षा तर आपला कळसूबाई उंच, १६४६ मीटर. मग तिकडं जास्त का?

नकाशावाली · सोमवार, २.१५

कळसूबाईचा एक सुळका उंच असून भागत नाही. यावर २०१५ साली तावडे आणि सिंग यांचा अभ्यास आला, उपग्रहाच्याच नोंदींवरून. त्यांचं म्हणणं असं, की डोंगराची उंची बघता तशी रुंदी आणि उतारही बघा. कर्नाटकात रांग सलग आहे, चढण हळूहळू आणि माथा रुंद. हवेला डोंगरावर जास्त वेळ मिळतो, त्यामुळे ढगातल्या थेंबाला मोठं होऊन पडायलाही वेळ मिळतो. महाराष्ट्रात कडा सरळसोट आणि माथा अरुंद. हवा पटकन चढते, पटकन उतरते. काही थेंब मोठे व्हायच्या आतच पलीकडे जाऊन विरतात. केरळात रांग तुटक, मध्ये पालघाटसारखी खिंड, तिथून वारा न चढताच निघून जातो.

हिमालयात आणखी वेगळी गंमत. तिथे बुकहेगन आणि बरबँक यांनी ट्रिमच्या नोंदींतून पावसाचे एकामागे एक दोन पट्टे दाखवले. एक बाहेरच्या टेकड्यांवर, साधारण ९०० मीटर उंचीच्या आसपास, दुसरा आत २१०० मीटरच्या सुमारास. सर्वांत उंच शिखरांपर्यंत पोचेतो हवेतलं पाणी संपत आलेलं असतं.

कोल्हापुरी_ठसका · सोमवार, २.३०

म्हणजे घाईची चढण कामाची नाही. आमच्या जोतिबाला गाडी गरम होते तसंच. कळलं.

बोरीबंदर_बाई · सोमवार, २.५०

नकाशावाली, राग मानू नका हो. पण मी डबा ठेवला गच्चीत. शेजारणीच्या पोराने त्यात कासव आणून सोडलं.

चाळीतला_चातक · शनिवार, रात्री ९.३०

मंडळी, आठवडाभर धागा वाचून पोराला चैन पडेना. शेवटी आज सुट्टी बघून दोघं सकाळच्या गाडीने तळेगावला आत्याकडे निघालो. तो खिडकीत, मांडीवर वही. प्रत्येक स्टेशनापुढे काय लिहायचं ते त्याचं त्याने ठरवलं होतं.

कल्याण : भुरभुर. बदलापूर : सरी, मध्ये उघडीप. कर्जतला गाडी थांबली, मागून इंजिन लागलं, वडेवाला आला, पाऊस बऱ्यापैकी. पळसदरी सुटलं आणि काचेवरून पाणी नळासारखं. ठाकूरवाडीला डोंगर दिसेनासा झाला. मंकी हिलपाशी एका बोगद्यातून बाहेर आलो तर बाहेर नुसतं पांढरं. पोरगं म्हणालं, "बाबा, आपण ढगात आहोत. म्हणजे ढग डोंगराच्या वर नसतात, डोंगरालाच असतात." चहा न ढवळता मी हो म्हणालो. खंडाळ्याला सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, याने नाही लावली. वही भिजली, खंडाळा-लोणावळ्याची नोंद वाचता येत नाही.

मळवलीला जोर ओसरला. कामशेतला तुषार. वडगावला डोंगराच्या बाजूला काळं आणि समोर पुण्याकडे उजेड. तळेगावला उतरलो तर प्लॅटफॉर्म कोरडा, आणि आत्या विचारतात, "एवढे भिजलात कुठे?"

घरी येऊन उपग्रहाचा नकाशा उघडला. कर्जत ते लोणावळा सगळे चौकोन एकाच फिकट निळ्या रंगाचे. पोराने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणालं, "याला माझी वही दाखवायला पाहिजे."

नकाशावाली · शनिवार, ९.४५

त्यातला एकेक चौकोन साधारण दहा किलोमीटरचा असतो. अख्खा घाट त्यात एक-दोन चौकोनांत संपतो, म्हणून सगळा पाऊस त्यात सारखा पसरतो. वही जपून ठेवा आणि पुढच्या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. परतीच्या नोंदी केल्या का?

चाळीतला_चातक · शनिवार, ९.५०

परतीला झोपलं ते ठाण्याला उठलं.

छत्री_विसरलो · शनिवार, ९.५८

उद्या भांडुपला येतोय. काय परिस्थिती?

चाळीतला_चातक · शनिवार, १०.०१

ओततोय. कुलाब्यात आज पुन्हा गाद्या बाहेर.